टाचणी शेवटचा शब्द म्हणत नसे

९ फेब्रुवारी

दादा,

ख्यालीखुशाली विचारत नाही. स्वतःच्या आईला कागदोपत्री खुळी ठरवायला निघालेला माणूस तब्येतीने ठणठणीतच असणार.

तुझ्या अर्जाप्रमाणे काल डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. आई स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकते की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यांनी ‘नाही’ लिहिलं की सरकारी कचेरी आईला तुझ्या ताब्यात देणार आणि तू तिला तुझ्या शहरातल्या त्या वृद्धनिवासात नेऊन ठेवणार. तिथलं माहितीपत्रक मी बघितलंय. त्यात बागेतल्या बाकांचे फोटो आहेत. खोल्यांना कडी बाहेरून असते, हे मात्र मला फोन करून विचारावं लागलं.

आई सकाळपासून नटून बसली होती. हिरवा झगा, ओठांना लाली, पायात टाचांचे बूट. मी म्हटलं, आई, तपासणी आहे, कार्यक्रम नाही. तर म्हणते, समोर माणूस बसला की कार्यक्रमच. शेजारच्या घरातल्या मुख्याध्यापिकाबाई पण येऊन बसल्या होत्या. तुला फोन करून आमच्या चुगल्या करणाऱ्या त्याच. वर साळसूदपणे दोन कप चहा पिऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आज वार कोणता? आई मागे रेलली, एक भुवई वर केली, म्हणाली, “आज ना बाई, आज आहे...” आणि थांबली. हात माझ्याकडे केला, तळवा वर. माझ्या तोंडून निघून गेलं, बुधवार. मग रस्त्याचं नाव विचारलं. आई म्हणाली, औषधाला एक झाड नाही आणि रस्त्याला नाव दिलंय... मुख्याध्यापिकाबाई हसल्या आणि नाव सांगून मोकळ्या झाल्या. मुलं किती? “दोन. एकीला हसवता येत नाही, आणि एकाला...” मी म्हटलं, हसता. आम्ही तिघी हसलो. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, लिहीत होत्या.

जाताना मी दारात गाठलं त्यांना. म्हणाल्या, वाक्यं पुरी होत नाहीत, शब्द दुसऱ्याकडून घेतात. मी इतकी तापले की बोलायची सोय नाही. अहो, म्हटलं, तिने जन्मभर वाक्यं अर्धी सोडण्याचंच काम केलंय. नावाजलेली गाणारी बाई आहे ती. शेवटचा शब्द लोकांच्या तोंडून काढून घ्यायचा, हीच तर तिची कला. तुम्ही जिला आजार म्हणताय तिच्यासाठी लोक तिकिटं काढायचे. त्या वयाने माझ्यापेक्षा लहान, पण शांत बाई आहेत. म्हणाल्या, मग पुन्हा बघू, अठ्ठावीस तारखेला, मंगळवारी, दवाखान्यात. घरचं कुणी आत नको.

तुला हे सगळं माहीत आहे, दादा. त्या तळघरातल्या क्लबात पडद्याआड बसून आपण दोघांनी तिला शेकडो वेळा ऐकलंय. मग अर्जात ‘संभाषण असंबद्ध’ असं कुठल्या तोंडाने लिहिलंस? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तो अर्ज मागे घे.

तुझी बहीण

१३ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं. दोन ओळी. ‘तिचे विनोद मला पाठ आहेत. गॅसचं काय झालं ते लिही.’

गॅसचं काही झालं नाही. दूध उतू गेलं, भांडं करपलं, मुख्याध्यापिकाबाईंच्या नाकापर्यंत वास गेला. कुणाच्या घरी करपत नाही? विषय संपला.

या पत्राबरोबर एक ध्वनिफीत पाठवतेय. पियानोवाल्या काकांच्या कपाटात होती. ते अजून दर गुरुवारी येतात, आता एका कानाने ऐकतात पण बोटं शाबूत आहेत. कार्यक्रम कुठल्या वर्षीचा ते त्यांनाही आठवत नाही. आईचा आवाज ऐकून मला वाटतं, तू शाळेत होतास आणि मी दात पडलेली होते. ऐक. अर्ज करण्यापूर्वी ऐकायला हवी होतीस.

सुरुवातीला पेले वाजतात, खुर्च्या सरकतात, कुणीतरी खोकतं. काकांचा पियानो सुरू होतो, मागून क्लॅरिनेट. आणि आई येतच नाही. ताल निघून पुढे जातो, लोक वाट बघतात, आणि ही घरात चप्पल शोधत बसल्यासारखी सावकाश मागून येते. घाई म्हणून नाही. आवाज म्हणशील तर मोठा नाहीच. वर्तमानपत्रवाल्यांनी तिला टाचणी उगाच नाव दिलं नव्हतं. अंगाने बारीक, आवाजाने बारीक, आणि कुठे टोचली ते घरी गेल्यावर कळायचं. ते गाणं आहे यात,

तुझ्याविना मी जगणार नाही, म्हणाला तो, एक दिवस;
काळा झगा शिवायला टाकलाय, शिंपी मागतो अजून...

आणि ती गप्प. काकांचेही हात वर. अख्खं तळघर ओरडतं, ‘एक दिवस’. तो ओरडा पूर्ण विरेपर्यंत ती थांबते, मग हळूच म्हणते, इश्श, तुम्हीच म्हणालात हं, मी नाही. मी परवा हे कवळीला पॉलिश करता करता ऐकत होते. गाणं पाठ असूनही हसले आणि कवळी हातातून उडाली. गिऱ्हाइकाचे वरचे दात कपाटाखालून काढावे लागले.

पुढे एक टोपीवाला गृहस्थ शब्द आधीच ओरडून टाकतो. कुठल्याही दुसऱ्या बाईचं गाणं तिथे कोसळलं असतं. आई पियानो थांबवते आणि अगदी मायेने विचारते, “साहेब, घरी पण असंच लवकर उरकता का?” त्याच्या शेजारी बसलेली त्याची बायको इतकी हसते की फितीत तिचंच हसू सगळ्यात मोठं ऐकू येतं. हे काही लिहून आणलेलं नव्हतं. समोरच्याच्या तोंडातून शब्द बाहेर पडायच्या आत हिचं उत्तर तयार असायचं. काका म्हणतात, गळे त्या काळी खूप होते, पण इतकं नेमकं थांबणं दुसऱ्या कुणाला जमलं नाही. कारण थांबायला लोकांवर भरवसा लागतो.

मला माहीत आहे, तू फीत कुठपर्यंत ऐकशील. दुसऱ्या बाजूला तुझं गाणं आहे.

माझं बाळ जन्मलं तेव्हा रडलं नाही, हसलं नाही;
सुईणीला म्हणालं, बाई, पावतीवर तुमची...

शाळेतली पोरं तुला बघून ‘सही नाही’ ओरडायची, ते मी विसरलेले नाही. मधल्या सुट्टीत तू डबा घेऊन जिन्याखाली बसायचास आणि मी तुझ्या शेजारी. तुझं दुखणं खरं होतं. पण एक सांगू? माझ्यावर तिने कधी दोन ओळीही केल्या नाहीत. कार्यक्रमात फक्त एवढंच म्हणायची, ‘मी लोकांना हसायला कारण देते, माझी मुलगी...’ आणि लोक ओरडायचे, ‘दात’. तेही मी या कवळ्यांच्या धंद्यात पडल्यावर, शेवटच्या दोनचार वर्षांत. तुला गाणं मिळालं आणि तू रुसून गेलास. मी राहिले.

फीत ऐक आणि अर्ज मागे घे.

तुझी बहीण

२० फेब्रुवारी

दादा,

फीत मिळाली, एवढंच कळवलंस. ऐकलीस की नाही, ते नाही. अर्ज मागे घेणार नाही, हेही कळवलंस. ठीक आहे. मग आमचीही तयारी ऐक.

परीक्षेत काय विचारतात ते आता मला माहीत झालंय. वार, महिना, पत्ता, मुलं कुठे, औषधं कोणती. आई मंचाची बाई. तिला प्रश्नोत्तरं कशाला पाठ करायला सांगायची? मी तिला गाणं करून दिलं. काका आधी नको म्हणाले. म्हणाले, हे बरं नाही, पोरी. मी म्हटलं, काका, तिकडे बाहेरून कडी आहे. मग त्यांनी गुपचूप पियानोचं झाकण उघडलं आणि तिच्याच एका जुन्या गाण्याची चाल दिली.

फेब्रुवारी सरता सरता मंगळवार आला दारी,
तिसरा मजला घर माझं, लेक राहते शेजारी...

पुढे औषधांची नावं आहेत, ती यमकात बसवताना माझी पुरेवाट झाली. तुझ्यावरही ओळ आहे. ती मी केलीय, त्यामुळे ती इथे लिहीत नाही.

एका बैठकीत पाठ झालं तिला. असंबद्ध म्हणे. तुझ्या त्या निवासातल्या कुणाला येईल असं एका बैठकीत? फक्त एक खोड जाता जात नाही. ‘मंगळवार आला’ म्हणते आणि हात पुढे करून थांबते. मी म्हणते, आई, तिथे मी नसणार, शब्द तूच म्हणायचा. ती म्हणते, मीच म्हटला तर माणसं आली कशाला? पण म्हणेल. आठवडा आहे अजून.

मुख्याध्यापिकाबाई भिंतीपलीकडून ऐकतात हे मला माहीत आहे. त्यांनी तुला फोन करून गाण्याबद्दल सांगितलं असेल तर खुशाल सांगू देत. आपल्या दोघांत आता लपवायचं काय राहिलंय?

तुझी बहीण

२७ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र कचेरीत दाखवू नकोस. दाखवलंस तर मला तू मेलास आणि तुला मी.

सकाळी दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरीणबाईंना उद्या दुसरीकडे जायचंय, तपासणी शुक्रवारी होईल. मी म्हटलं, हरकत नाही. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं की गाण्यात मंगळवार आहे.

त्यात काय एवढं, असं मला वाटलं. मंगळवारच्या जागी शुक्रवार. आणि महिनाही बदलतो, मार्च लागतो. काकांना बोलावून घेतलं. आईला सांगितलं, आई, दोन शब्द बदलायचे आहेत. ‘बदलू की,’ म्हणाली. जिने टोपीवाल्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत गार केलं, तिला दोन शब्दांचं काय ओझं? काकांनी सूर धरला. ती म्हणाली, मंगळवार. मी म्हटलं, शुक्रवार, आई. पुन्हा मंगळवार. पुन्हा सूर, पुन्हा मंगळवार. मग तिने ‘मार्च’पर्यंत नीट नेलं, भुवई वर केली, हात माझ्याकडे केला आणि थांबली. नेहमीसारखी, ऐटीत.

मी तोंड उघडलं होतं. पण शुक्रवारी मी आत नसणार, हे आठवलं आणि मी ओठ मिटून घेतले. काकांनीही हात वर धरून ठेवले. आणि दादा, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. ती माझ्या डोळ्यांत बघत नव्हती. माझ्या ओठांकडे बघत होती. ओठ हलत नाहीत म्हटल्यावर तिने काकांच्या ओठांकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्या. हात तसाच पुढे.

शब्द नव्हता तिच्याकडे. ती आम्हाला देत नव्हती, मागत होती.

काकांनी झाकण लावलं, टोपी घेतली आणि गेले. मी आईला चहा करून दिला. ती म्हणाली, आज तुझे काका बेसूर होते. मी हो म्हटलं.

मग मी कामाच्या खोलीत जाऊन बसले. प्लास्टर कालवलं आणि ते भांड्यातच घट्ट होऊन गेलं. केव्हापासून चाललंय हे? मला वाटायचं, ती मला खेळवतेय. भाजीवाल्याला ‘ते द्या हो, ते लाल लाल...’ म्हणायची आणि तो हसून टोमॅटो द्यायचा. मला हाक मारताना ‘अगं ए कवळीवाली’ म्हणायची. माझं नाव तिने शेवटचं कधी घेतलं, ते आठवून बघतेय आणि आठवत नाहीये. अख्ख्या गल्लीला तिने प्रेक्षक करून टाकलं आणि आम्ही सगळे खूश होऊन तिचे शब्द भरत राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मूठ तिची होती, पण झाकून मी धरली होती.

आणि गॅस. दूधबीध काही नव्हतं. शेगडी सुरू होती आणि पेटवलेली नव्हती. खिडकी बंद. ती ओट्याशी उभी राहून गुणगुणत होती, आणि मला वास आला तो माझ्या खोलीत मेण वितळवायचा दिवा लावायला काडी हातात घेतल्यावर. मुख्याध्यापिकाबाईंनीच येऊन खिडक्या उघडल्या. मी काडी हातात धरून उभी होते.

हे तुला का लिहितेय? दुसऱ्या कुणाला लिहू? आपल्या दोघांचीच आई आहे ती. पण म्हणून तिला तिकडे नेऊ देईन असं समजू नकोस. तिला हे घर कळतं. पियानो कुठे, खिडकी कुठे, कुठली पायरी मोडकी, सगळं कळतं. तिथे तिला कोण ओळखणार? ती हात पुढे करून थांबेल आणि समोरची परिचारिका त्या हातावर गोळी ठेवून जाईल. मला त्या विचारानेच धडकी भरते.

शुक्रवारी ती खोलीत एकटी असेल. मला काही सुचत नाही. तू काहीतरी लिही.

तुझी बहीण

३ मार्च

दादा,

तुझ्याकडून काही आलं नाही. आता मीच सांगते काय झालं ते. मधे थांबवू नकोस, जसं झालं तसं लिहितेय.

दवाखान्यातली तपासणीची खोली म्हणजे मोठ्या खोलीत घातलेली अर्ध्या उंचीची लाकडी भिंत. वरून सगळं उघडं. मी आणि काका अलीकडे बाकावर बसलो. काका बरा कान भिंतीकडे करून बसले. आई तोच हिरवा झगा घालून आत गेली. दार लावताना माझ्याकडे बघून तिने डोळा मारला.

डॉक्टरीणबाईंनी वार विचारला. आईने घसा साफ केला आणि गायला लागली. ‘फेब्रुवारी सरता सरता मंगळवार...’ काकांनी डोळे मिटून घेतले. मी बाकाची कड धरली. दोन ओळी सुरात गेल्या, तिसरीच्या मध्यावर ती थांबली. मला वाटलं, शब्द अडला. पुढचा शब्द तुझा होता, म्हणजे तुझ्यावरच्या ओळीतला. मी भिंतीवरून ओरडून सांगणार होते, खरंच सांगते, उठले होते मी. काकांनी मनगट धरून खाली बसवलं.

मग आई बोलली. गाण्यातला आवाज नव्हता तो. जेवताना मीठ मागतो, तसा साधा.

“हे गाणं मला शिकवलंय,” म्हणाली. “पोरीने. चांगलं केलंय. पण आज तो वार नाही.”

बाईंनी विचारलं, मग कोणता आहे? आईने हात पुढे केला असेल का, ते मला दिसत नव्हतं. पुढे केला असेल तर बाईंनी काही दिलं नाही.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “शब्द जातात माझे. गाण्यातले आहेत. बोलायचे जातात. लोकांना वाटतं, मी गंमत करते. मी वाटू देते.”

इतकी सरळ, शेवटपर्यंत गेलेली वाक्यं मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. जन्मात नाही. एकेका शब्दाला वेळ लागत होता, पण प्रत्येक वाक्य तिने स्वतः संपवलं. बाईंनी विचारलं, तुम्हाला कुठे राहायचंय? ती म्हणाली, घरी. का, विचारलं. म्हणाली, तिथे मला वस्तूंची नावं घ्यावी लागत नाहीत, त्या जिथल्या तिथे असतात. मग स्वतःच म्हणाली की गॅस मात्र काढून टाका, मला भीती वाटते त्याची. मला तिने हे कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

मला वाटलं, जिंकलो आम्ही. जिचे शब्द जातात पण आपले शब्द जातात हे जिला कळतं, आपल्याला काय हवं ते जी सांगते, तिला खुळी कोण म्हणेल? मी डोळे पुसले, नाक पुसलं, आत बोलावतील म्हणून केस सारखे केले.

तेवढ्यात बाईंनी शेवटचं विचारलं. पुढे तुम्हाला अजिबात सांगता येईनासं झालं, तर तुमच्या वतीने कुणी ठरवावं?

मी उठून उभी राहिले होते, दादा. माझंच नाव येणार, यात मला शंका नव्हती. तिच्या गोळ्या मी देते, केस मी विंचरते, रागावते मी, बोलणी मी खाते. नाव सापडणार नाही कदाचित, पण कवळीवाली तरी म्हणेल.

ती म्हणाली, “मुलगा.”

बाईंनाही नीट ऐकू आलं नसावं. त्या म्हणाल्या, तो दूर असतो, तुमची मुलगी जवळ राहते, आणि अर्ज तर त्यानेच केलाय. आई म्हणाली, माहीत आहे. मग तिने जे सांगितलं ते मी तुला शब्दन्‌शब्द लिहिते, कारण ते तुझं आहे, माझं नाही.

“मुलगी चांगली आहे. मला पडू देत नाही. माझा शब्द पडायच्या आत उचलते. ती खोटं बोलेल माझ्यासाठी, शेवटपर्यंत. मुलगा माझ्या विनोदाला कधी हसला नाही. सगळे हसले तरी नाही. त्याला फसवता येत नाही मला.”

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. चांगलं केलं.

अहवाल असा आहे. आई घरी राहणार. गॅस काढायचा, विजेची शेगडी, दिवसा सोबतीला बाई, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. आणि पुढे जेव्हा वेळ येईल तेव्हा निर्णय तुझा. माझा नाही. तिने सही केली, नीट, पूर्ण नावाची. कडी बाहेरून लावायची की नाही, ते आता तूच ठरवायचं आहेस, आणि कचेरीने सांगितलं म्हणून नव्हे, तिने सांगितलं म्हणून. घे तुझा अर्ज गळ्यात.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मी तिच्याशी बोलले नाही. घरी येईपर्यंत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, असं दिवसभर मनाला सांगतेय. तरी माझा राग जात नाहीये. तिच्यावरचाही नाही आणि तुझ्यावरचा तर नाहीच.

बहीण

६ मार्च

दादा,

काल तू फोन केलास. इतक्या वर्षांनी तिच्याशी बोललास, की बोलला नाहीस म्हणू? तुला तिकडून काही दिसलं नसेल. म्हणून लिहितेय.

फोन मी घेतला होता. तुझा आवाज ऐकून मला शिव्या द्यायच्या होत्या, पण आईने हात पुढे केला म्हणून दिला. ती पियानोच्या स्टुलावर बसली. फोन कानाला लावला. तू ‘आई’ म्हणालास ते मला दारातूनही ऐकू आलं. तिने आवाज ओळखला. चेहऱ्यावरून कळलं मला, लगेच ओळखला. आणि नाव शोधायला लागली.

तू गप्प राहिलास. मी दारात उभी, दोन्ही हात मेणाने भरलेले. तुझं नाव माझ्या जिभेवर. सांग ना रे, मी मनात म्हणत होते, एक नाव सांगायला काय जातं तुझं, तिला सोडव. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या ओठांकडे. मी सांगणार होते, दादा. तेवढ्यात तिने माझ्याकडे पाठ केली. स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली आणि फोनमध्ये म्हणाली, थांब, सांगू नकोस.

ते तू ऐकलंस. पुढचं तुला माहीत नाही. तिचा मोकळा हात पियानोच्या बंद झाकणावर होता. बोटं हलत होती, कुठलं गाणं ते मला कळलं नाही. एकदा तोंड उघडलं, मिटलं. मान हलवली. कपाळावर घाम आला होता. आणि तू होतास तिकडे, तुझा श्वास तिला ऐकू येत असणार, कारण फोन ती कानाला दाबून धरत होती. तू हसला नाहीस. काही सुचवलं नाहीस. ठेवूनही दिला नाहीस. मला नसतं जमलं. मला एवढ्या वर्षांत एकदाही जमलं नाही.

शेवटी तिने फोन ठेवला. तुला वाटलं असेल, विसरली, कंटाळली. तसं नाही. ती वळली, आणि कार्यक्रम रंगल्यावर रंगपटात यायची ना, दमलेली, गाल लाल, तशी दिसत होती. मी विचारलं, काय झालं?

“नाही सापडलं,” ती म्हणाली. “पण त्याने दिलं नाही.”

मग जेवली. पोटभर जेवली, आणि ‘ते दे’ म्हणाली तेव्हा मी काही दिलं नाही, गप्प बसले. तिने माझ्याकडे रागाने बघितलं, स्वतः उठली आणि कपाटातून मीठ घेऊन आली. आणताना म्हणाली, मीठ. मला रडू आलं, ते तिला दिसू दिलं नाही.

माझा राग आहे तसाच आहे. तो माझा मी बघून घेईन. पण हे फोनवर होण्यासारखं काम नाही, दादा. तिला तुझं नाव शोधायला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ तिच्यासमोर गप्प बसणारं माणूस या घरात कुणी नाही. तू ये.

बहीण